वावर विकू नका, बाबा

जर्मनी
२३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर बाबा म्हणाले, "तुझ्या व्हिसासाठी नाल्याकडचे दोन एकर काढून टाकू. वावर काय, पुन्हा घेता येते." तेवढ्यात रेंज गेली. परत फोन लागला तेव्हा आई रडत होती, म्हणून मी विषय काढला नाही. तीन दिवस तेच डोक्यात आहे, म्हणून आज लिहायला बसले. लहान्याला हे पाठवते, तो झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणेल. बाबा, फोनवर तुम्ही घाईत असता. कागद हातात असला की तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचता.

पहिली गोष्ट, वावर विकायचं नाही. दुसरी गोष्ट, तालुक्याचा तो माणूस दीड लाखात व्हिसा वाढवून देतो म्हणतो, त्याला एक रुपयाही द्यायचा नाही. मामांनी त्याला टोकन म्हणून वीस हजार कबूल केले आहेत असं लहान्या सांगत होता. मामांना आजच फोन करा. इथे राहायचा परवाना भारतात बसून कोणी वाढवून देऊ शकत नाही. अर्ज माझा मलाच करावा लागतो, मी राहते त्याच शहरातल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात. त्याची फी ९३ युरो, म्हणजे साडेनऊ हजार रुपयांच्या आसपास. ते पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत.

माझ्या परवान्याच्या कार्डावर ३० नोव्हेंबर ही तारीख आहे, म्हणजे पुढचा रविवार. ती तारीख तुम्हाला कोणीतरी सांगितली आणि पोरीला आता पोलीस धरून पाठवतील असं घरात वाटू लागलं. तसं काही होणार नाही. बाबा, तुम्ही दरवर्षी मार्चएंडच्या आत पीककर्जाचं नवं-जुनं करता ना? इथेही जुन्या परवान्याची मुदत जिवंत असतानाच अर्ज द्यावा लागतो. मी तो २२ सप्टेंबरलाच दिला. मुदतीच्या आत अर्ज पडला की निकाल लागेपर्यंत जुना परवाना त्याच्या सगळ्या हक्कांसकट चालू धरतात. खरेदी केंद्रावर आपली गाडी फाटकाच्या आत लागली की अंधार पडला तरी माप होतं, तसंच. त्याचा एक कागद मिळतो, त्याला फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग म्हणतात. तो ऑक्टोबरअखेर माझ्या हातात आला. लहान्याच्या फोनवर त्याचा फोटो आहे. त्या माणसाने पुन्हा दार वाजवलं तर तो त्याच्यापुढे धरा.

त्या ऑफिसात मुलाखत १४ जानेवारीला आहे, म्हणजे संक्रांतीलाच. त्या दिवशी पासपोर्ट, फोटो, विद्यापीठात नाव चालू असल्याचा दाखला, आजवरच्या मार्कांचा उतारा, विम्याचा कागद आणि खोलीचा भाडेकरार न्यायचा. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमचं पत्रही लागतं, की हिचा प्रबंध मार्चपर्यंत पूर्ण होईल. ते पत्र त्यांनी मागितल्या दिवशी लिहून दिलं. अभ्यास रेंगाळतोय असं वाटलं तर ऑफिस मुदत वाढवून देत नाही, म्हणून सगळ्यात मोलाचा कागद तोच.

आता पैशाचं. आपण पहिल्या वर्षी बँकेच्या कर्जातून ११,२०८ युरो इथल्या बंद खात्यात टाकले होते. ते मला महिन्या-महिन्याने ९३४ असे मिळत गेले. आता हा आकडा महिन्याला ९९२, वर्षाला ११,९०४ युरो झाला आहे. तो माणूस तुम्हाला सांगतो की बारा लाख पुन्हा दाखवावे लागतात, ते याच आकड्यावरून. पण मी पूर्ण वर्षाची मुदत मागितलेलीच नाही. सहा महिने मागितले आहेत, आणि मला प्रयोगशाळेत मदतनिसाचं काम आहे. त्याचे महिन्याला सुमारे सातशे युरो हातात येतात आणि करार मेपर्यंतचा आहे. ९९२ मधून ७०० वजा केले की २९२ उरतात. सहा महिन्यांचे झाले १,७५२. तेवढे माझ्या खात्यात आहेत, बाबा. दोन उन्हाळे बेकरीत पहाटे चार वाजता ट्रे लावले, त्यातून साठले. तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण आईला पहाटेचं एकटं जाणं आवडलं नसतं.

शिकणाऱ्याला इथे कितीही काम करता येत नाही. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, एवढीच सूट. विद्यापीठातलं मदतनिसाचं काम त्यात मोजत नाहीत, म्हणून मी ते धरून ठेवलं आहे. "रात्रपाळी का करत नाही," असं मामा विचारतात, त्यांना हे सांगा. हिशेब ओलांडला तर आत्ताची मुदतवाढच अडकेल.

प्रबंधाला उशीर का झाला हेही तुम्हाला नीट सांगायचं राहून गेलं. जुने कपडे फाडून त्यातला कापूस पुन्हा काढायचा आणि त्याचं सूत होतं का ते पाहायचं, हे माझं काम. तंतू मोजायचं यंत्र उन्हाळ्यात दोन महिने बंद पडलं. मग मी काळ्या मखमलीच्या तुकड्यावर एकेक पुंजका विंचरून स्टीलच्या पट्टीने मोजायला लागले. बाबा, तुम्ही केंद्रावर कापसाचा बोंडभर पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढता, जुळवता, पुन्हा ओढता आणि म्हणता "धागा चांगला आहे", ते मी इथे रोज करते. तुलनेसाठी लहान्याने पाठवलेला आपल्या पऱ्हाटीचा कापूस लावला होता. तो २८-२९ मिलिमीटर भरला. फाडलेल्या कपड्यांचा त्याच्या निम्म्यावर येतो. मॅडमनी आपला पुंजका बोटात धरून विचारलं, हा कुठला? मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या वावरातला. तेच वावर तुम्ही काढायला निघालात.

मार्चमध्ये प्रबंध दिला आणि निकाल लागला की विद्यार्थी म्हणून राहणं संपतं, विद्यार्थ्यांचा स्वस्त विमाही संपतो. मग पुढचा अर्ज. इथे पदवी घेतलेल्याला काम शोधायला जास्तीत जास्त १८ महिने देतात. त्या काळात कोणतंही काम पूर्णवेळ करता येतं, १४० दिवसांचा हिशेब राहत नाही. पोट भरण्यापुरते पैसे आहेत हे मात्र तेव्हाही दाखवावं लागतं. या अठरा महिन्यांसाठीच मी इथे थांबते आहे. शिक्षणाला साजेशी नोकरी मिळाली की नोकरीचा परवाना. पगार पुरेसा असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना. नव्याने पदवी घेतलेल्यांसाठी यंदा, २०२५ मध्ये, त्याची पगाराची हद्द वर्षाला सुमारे ४३,७६० युरो आहे, आणि ती दर जानेवारीत बदलते. इथे शिकलेल्याने अशी नोकरी दोन वर्षं केली, पेन्शनचे हप्ते भरले आणि जर्मन भाषा पुरेशी आली की कायम राहण्याचा परवाना मागता येतो. माझी जर्मनची परीक्षा फेब्रुवारीत आहे.

आणि नोकरी नाही मिळाली तर? हा प्रश्न आई विचारत नाही, पण तिच्या मनात आहे. ते अठरा महिने पुढे वाढत नाहीत. नोकरी नाही लागली तर मी परत येईन. खोटी आशा दाखवून तुम्हाला बसवून ठेवणार नाही. कापड-सुताचं काम भारतातही आहे. कर्जाचा हप्ता अभ्यास संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, म्हणजे २०२७ च्या मार्चनंतर. मामांचा यवतमाळचा प्लॉट बँकेकडे आहे हे मी एक दिवसही विसरलेले नाही. मधल्या वर्षात जे काम मिळेल ते करून हप्त्याचे पैसे आधीच साठवायला लागेन. तो प्लॉट मीच सोडवणार, तुमच्या वावराच्या पैशाने नाही.

आई, मी दिवाळीला आले नाही म्हणून तू करंज्या केल्या नाहीस असं लहान्याने सांगितलं. असं करू नकोस गं. इथे आता साडेचारला अंधार पडतो. परवा मी तव्यावर भाकर थापून पाहिली. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळालं, पण जुनं होतं, कड फाटली. हिरव्या मिरचीचा ठेचा मात्र तुझ्यासारखाच झाला. शेजारची पोलंडची मुलगी दोन घास खाऊन पाणी पीत बसली आणि पुन्हा मागायला आली.

बाबा, सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन गेलं, आता कापूसच आहे. व्यापारी हमीभावाच्या कितीतरी खाली मागतोय म्हणून घाईने घरून देऊ नका. लांब धाग्याला यंदाच्या, २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव आहे. हमीभावाच्या नोंदणीसाठी कपास किसान ॲपवर सातबारा चढवून झाला का ते लहान्याला विचारा, नसेल तर आज रात्रीच करायला लावा, मी फोनवर सोबत बसते. बारा टक्क्यांच्या वर ओल निघाली तर केंद्रावर परत पाठवतात. तेव्हा दोन दिवस अंगणात ताडपत्रीवर पसरा, दव पडायच्या आत झाका, मगच गाडी भरा.

माप झालं की काटापावतीचा फोटो टाका. ओल किती निघाली तेही लिहा.

तुमची,
मोठी