स्विंडनच्या गवंडीदादांना, मनापासून

आदरणीय दादा,

स. न. वि. वि.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. मी काही बोलायला लागले की तुम्ही थापी उचलून दुसरीकडे बघायला लागता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे स्विंडनमधल्या मराठी मंडळींना आणि गोव्यात पेडण्याच्या तुमच्या गाववाल्यांनाही कळू दे, आमच्या दारातलं काम कुणाच्या हातचं आहे ते.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. नवऱ्याला पक्षाघात झाला. तो घरी आला तो चाकांचा वॉकर घेऊन, आणि आमच्या दारात पसरलेली होती सुटी खडी. इंग्लंडमध्ये कितीतरी घरांपुढे असते तशी. गाडीला तिचं काही वाटत नाही, पण वॉकरची चाकं तिच्यात रुततात. दारापासून गाडीपर्यंत जायचं तर दोघांनी धरायला हवं, आणि दुसरं माणूस नसेल त्या दिवशी तो घरातच. तेव्हा ठरवलं, खडी रेझिनमध्ये, म्हणजे कालवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बांधून घ्यायची. वर सपाट, चाकाला कुठे अडथळा नाही आणि पावसाचं पाणी खडीच्या फटींतून खाली जाणार.

आता ज्यांनी हे काम करायचं होतं त्यांच्याबद्दल. एकाने अ‍ॅडव्हान्स घेतला आणि फोन उचलणं बंद केलं. दुसरा म्हणाला, भुरभुर पाऊस असला तरी टाकून देऊ, काही होत नाही. पॉलियुरेथेन रेझिनला ओल लागली की त्यात वायूचे बुडबुडे धरतात, ते फेसाळतं आणि पांढरं पडतं. हे मला डबा वाचून कळलं, आणि तो माणूस हाच धंदा करणारा! तिसऱ्याचा राग अजून गेलेला नाही. नवरा समोर खुर्चीत बसलेला असताना त्याने मला विचारलं, "ह्यांना कितपत चालता येतं? ह्यांना समजतं का?" माझ्या नवऱ्याला बोलायला वेळ लागतो, समजायला लागत नाही. त्या दिवशी तो जेवला नाही.

आपली माणसंही होतीच. "काही लागलं तर नुसतं सांग" म्हणणारी. सांगितलं, तेव्हा कुणाचा वीकेंड मोकळा नव्हता.

शेवटी मीच सामान मागवलं. किराणा दुकानाच्या रांगेत बहिणीशी फोनवर ह्याच विषयावर बोलत होते, तेव्हा मागून तुमचा आवाज आला, "ताई, खालचा कोबा तडकलाय का ते आधी बघा." अशी आपली ओळख झाली. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले कितीतरी गोवेकर ह्या गावात आहेत. तुम्ही त्यातलेच, रात्रपाळीला वेअरहाऊसमध्ये खोके उचलणारे. पण पेडण्यात तुम्ही गवंडी होता, चिऱ्याची घरं बांधलेले, हे त्या वेअरहाऊसमध्ये कुणाला ठाऊक असेल?

रेझिन तुम्ही कधी हाताळलं नव्हतं आणि तसं सरळ सांगितलंत. डब्यावरच्या सूचना माझ्याकडून मराठीत वाचून घेतल्यात, पुन्हा वाचायला लावल्यात, आणि मग पाणी कुठे जाणार ते विचारलंत. गोव्याचा पाऊस बघितलेल्या माणसाचाच तो प्रश्न. २००८ पासून इंग्लंडमध्ये नियम आहे: घरापुढची ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न जिरणारी केली आणि पाणी रस्त्यावर सोडलं, तर परवानगी काढावी लागते. आमच्या सुट्या खडीखाली जुना कोबा होता. त्यातून पाणी जिरणार नव्हतं. तुम्हाला नियम माहीत नव्हता, तरी पाणसळ लावून त्याचा ढाळ फुलझाडांच्या वाफ्याकडे आहे ना, हे आधी तपासलंत. कोब्यावर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायला लावलात. सकाळी खाली ओल दिसली. भाड्याचं मिक्सर दारात उभं होतं, तरी म्हणालात, "आज नको." त्या दोन शब्दांनी आमचं सगळं काम वाचलं.

पण दादा, हे पत्र त्यासाठीही नाही.

काम झालं त्या दिवसाचं सांगते. रात्रपाळी करून तुम्ही थेट आला होता. ह्या कामात घड्याळ छातीवर बसलेलं असतं. रेझिनचे दोन भाग एकत्र केले की खडीत कालवून, पसरून, थापी मारून हात काढायला वीसेक मिनिटं मिळतात. पाक चढलेल्या शेंगदाण्यांसारखी ती खडी बघता बघता धरायला लागते. निम्म्याहून जास्त झालं होतं, उंबऱ्याजवळचा भाग राहिला होता. मी पुढचा डबा फोडणार, तेवढ्यात तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. हात पुसलेत, दारात बसलेल्या माझ्या नवऱ्यापुढे जाऊन उकिडवे बसलात आणि विचारलंत, "भाऊ, चाक नेमकं कुठं अडतं?"

तो बोलायला लागला. शब्द सापडत नव्हता. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मागे टाकलेल्या खडीची कड धरत चालली होती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिलात. शेवटी त्याने बोटाने दाखवलं आणि म्हणाला, "डावं. वळताना." बरोबर होतं. त्याची डावी बाजू अधू आहे, उंबऱ्यावरून वळताना डावं चाक मागे राहतं. मी रोज त्याला धरत होते, पण माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. तुम्ही डाव्या अंगाचा उतार लांबवलात, मुद्दाम अंमळ जास्त. आणि मग त्यालाच विचारलंत, "पुरे?" तो म्हणाला, "पुरे."

घराच्या कामात त्याचं मत कुणी विचारलं, असं आजारपणानंतर पहिल्यांदा घडलं. डॉक्टर, नर्स, थेरपिस्ट सगळे चांगले भेटले, त्यांचे उपकार आहेतच. पण तो तिथे पेशंट होता. तुमच्यापुढे तो घरमालक होता.

माणसाशी माणसासारखं बोलायला पैसा लागत नाही, इंग्रजी लागत नाही, तरी ते किती थोड्यांना जमतं! रात्रभर खोके उचलून आलेल्या तुम्हाला ते जमलं आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून आलेल्या त्या तिसऱ्या माणसाला जमलं नाही, हे मी विसरणार नाही.

त्या थांबण्यामुळे जोड जिथे आला तिथे रंगात किंचित फरक दिसतो. तुम्हाला तो खुपतो, परवाही बोललात. खुपू देऊ नका. तो तसाच राहू दे, मला तो हवा आहे.

आता एक काम माझ्याकडे. पैसे तुम्ही घेतले नाहीत, वहिनींनीही पाकीट परत पाठवलं. पण बोलता बोलता तुम्ही म्हणाला होता, इथल्या बांधकामाच्या साइटवर काम मिळत नाही, बांधकाम कामगाराचं सीएससीएस कार्ड लागतं आणि त्याची सुरक्षेची परीक्षा इंग्रजीत असते. ५० प्रश्न असतात, मी बघून ठेवलं आहे. पुस्तक मागवलं आहे. तुमच्या सुटीच्या दिवशी आमच्याकडे बसू. मी मराठीत समजावीन, आणि प्रश्न विचारायचं काम माझा नवरा करणार आहे. त्याला वाचून विचारायला वेळ लागेल. तुम्हाला चालेल, हे त्याला माहीत आहे. रविवारी वहिनींना घेऊन जेवायलाच या.

तुमची,
वॉकरवाल्या भाऊंच्या घरची ताई