मोगऱ्याला तहान लागू देणाऱ्या माईंना

तीर्थस्वरूप माई,
शि. सा. नमस्कार.

तुमचं घर कुंपणापलीकडेच, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. तरीही हे पत्र लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. समोर आले की तुम्ही "पुरे गो" म्हणून विषय बदलता आणि माझं सांगायचं राहून जातं.

आई गेल्यावर मी गोव्यातल्या फोंड्याच्या या घरात परत राहायला आले, तेव्हा अंगणात तिने लावलेली मोगऱ्याची ७ झाडं होती. ३ वर्षं मी त्यांना रोज संध्याकाळी नेमाने पाणी घातलं. पानं हिरवीगार, पण फुलं म्हणाल तर अख्ख्या उन्हाळ्यात ओंजळभर. एका रोपवाटिकेतून महागाचं खत आणलं, त्याने पानं आणखी माजली. झाडं आईची होती, ती माझ्या हाताला येणार नाहीत, असं मी मनाशी धरून बसले होते. कुणाला बोलले नव्हते.

या जानेवारीत तुम्ही गडग्याजवळ, आपल्या मधल्या दगडी कुंपणाजवळ, आलात, नळ बंद केलात आणि म्हणालात, "अगो, ताका मातशी तान लागूं दी." त्याला जरा तहान लागू दे! मला ते ऐकवलं नाही. पण तुम्ही ठाम होतात. दोनेक आठवडे पाणी तोडलं. पानं मलूल झाली. मग तुम्हीच कात्री घेऊन आलात, जुन्या फांद्या छाटल्यात, उरलेली पानं ओरबाडून काढलीत, बुंध्याभोवतीची तांबडी माती उकरून मुळांना २ दिवस ऊन दाखवलंत. अंगणात नुसत्या काटक्या उभ्या राहिल्या आणि मला रडू आलं, ते तुम्ही पाहिलंत. "मोगरो नव्या फुटीर फुलता" एवढंच बोललात. नंतर शेणखत, वर मातीचा थर, आणि मग भरपूर पाणी.

मार्चअखेर प्रत्येक कोवळ्या फुटीच्या टोकाला तीन-तीन कळ्या होत्या, तांदळाएवढ्या.

एप्रिल लागला आणि रोज परडी भरू लागली. मोगऱ्याची कळी थांबत नाही. दिवस कलला की काढायची आणि अंधार पडायच्या आत गुंफायची, कारण एकदा उमलली की ती गुंफताना पाकळ्या गळतात. पणजीहून बसने घरी पोचेपर्यंत माझे सहा वाजायचे. पहिल्या शनिवारी सुट्टी होती, तरी निम्म्या कळ्या परडीतच फुलून गेल्या. तुम्ही ते बघून विचारलंत, "तुज्यो इश्टिणी खंय आसात? आपय तांकां." तुझ्या मैत्रिणी कुठे आहेत? बोलाव त्यांना.

माई, मी कॉलेजच्या मैत्रिणींना तोवर फक्त लग्नाकार्यात भेटत होते. एक मडगावला, एक डिचोलीला, एक पणजीत. तिघींना फोन केला. फोंडा सगळ्यांना मधलं, त्यामुळे तिघीही आल्या. तेव्हापासून मे संपेपर्यंतचा एकही शनिवार चुकला नाही.

तुम्ही सोप्यावर मधोमध बसायचात. केळीच्या सोपटाचा भिजवलेला दोरा डाव्या हाताच्या बोटांवर, दोन कळ्या इकडे तोंड करून, दोन तिकडे, देठ एकमेकांवर, वरून एक वेढा आणि अंगठ्याने हलकेच ओढ. जास्त ओढलं की देठ तुटतो, कमी ओढलं की कळी निसटते. तुमचा अंगठा कळीला लागायचाच नाही, फक्त दोऱ्याला लागायचा. ते मी तिसऱ्या शनिवारी नीट पाहिलं आणि मग मला जमलं. दर चार जोड्यांनंतर एक अबोली. अबोलीला वास नाही, पण फाती, म्हणजे आपला गजरा, उठून दिसते ती तिच्यामुळे, हे तुमचं म्हणणं आता मलाही पटलं आहे. अबोलीची सुकी बोंडं तुम्ही ओल्या तळव्यावर ठेवायला लावलीत. क्षणभर काहीच नाही, मग टचकन फुटून बी उडालं, आणि पन्नाशीच्या चार बायका किंचाळल्या!

एका संध्याकाळी आमच्यातल्या एकीने दोन वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. ती काय, ते इथे लिहिणार नाही. तिचे हात चालू होते, नजर कळ्यांवर होती, म्हणूनच बहुधा ते तिला बोलता आलं. तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. उठून आत गेलात, जिरं-मीठ घातलेलं कोकम सरबत घेऊन आलात आणि पहिला पेला तिच्या हातात दिलात. ती अजून त्या पेल्याची आठवण काढते.

मे महिन्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं, तेव्हा नारळाची सोडणं उपडी करून झाडांच्या बुंध्याशी रचायला तुम्हीच सांगितलंत, त्यामुळे दिवसाआड पाण्यावरही झाडं तगली. अनंत फुलला, तोही तुमच्याच फांदीचा. मानकुराद आंब्यांची टोपली तर तुम्ही न बोलता दारात ठेवून गेला होतात.

आईची झाडं आता फुलतात, आणि माझं घर शनिवारी भरलेलं असतं. या दोन्हींसाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे.

मृग जवळ आला, कळ्या कमी होत चालल्या आहेत. या शनिवारची फाती हंगामातली शेवटची असेल. ती तुमच्या केसांत माळायची, असं आम्ही चौघींनी ठरवलं आहे, आणि या वेळी "पुरे गो" चालणार नाही. चारला या. सोपट मी सकाळीच भिजत घालून ठेवते.

तुमची,
गडग्याअलीकडची