पिकअप एका बाजूला का ओढते ते शोधून देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हो हो, ठीके" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण तुम्ही जे दाखवलंत ते नुसतं माझ्या गाडीपुरतं नाहीये. पिकअप चालवणाऱ्या कुणाचीही गाडी कधी ना कधी एका बाजूला ओढणारच.

ओढत होती डावीकडे. आणि ज्याला विचारावं त्याच्याकडे उत्तर तयार. एक म्हणाला टायर गेलेत, दुसरा म्हणाला पुढचे बुश (सांध्यातले रबर) बदल, तिसरा म्हणाला काही नाही रे, रस्ताच तसा असतो. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून सरळ करणं, करून घेतली तर रिपोर्टवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, आणि गाडी बाहेर काढली की परत डावीकडे. तुम्ही एकटे असे निघालात की ज्यांनी उत्तर दिलंच नाही, उलट मलाच विचारलंत, "कधी ओढते?"

मी म्हटलं, नेहमीच. तुम्ही म्हणालात नेहमीच म्हणजे काहीच नाही, नीट सांग. सरळ एका वेगात चालली असताना? ॲक्सिलरेटर दाबल्यावर? पाय काढल्यावर? न्यूट्रलमध्ये घरंगळताना? ब्रेक लावल्यावर? रिकामी असताना की माल भरल्यावर? सुरू केल्या केल्या की बरीच चालून गरम झाल्यावर? खरं सांगतो, तेव्हा थोडा वैतागलो होतो, पान्याला हात न लावता नुसती चौकशी चाललीये म्हणून. पण त्यातला एकेक प्रश्न कशासाठी होता ते आता कळतंय.

रस्त्याचंच घ्या. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतात, पाणी वाहून जावं म्हणून, आणि आपण डाव्या बाजूने चालवतो म्हणजे गाडी जराशी डावीकडे सरकणारच, तो दोष नाही. म्हणून तुम्ही सपाट मोकळी जागा बघून तिथे दोन्ही दिशांनी चालवायला लावली. उताराचा खेळ असता तर दिशा बदलल्यावर ओढ बदलली असती. नाही बदलली. (आणि हो, तुमचा ओरडा लक्षात आहे, स्टेअरिंग पूर्ण सोडून बघायचं नाही, हात सैल ठेवायचे पण जवळच, आणि वेग कमी.)

मग हवा. गाडी थंड असतानाच मोजलीत, कारण चालल्यावर टायर गरम होऊन प्रेशर वाढतं आणि डाव्या-उजव्याची तुलना फसते. ज्या बाजूला हवा कमी त्या बाजूला गाडी ओढते, हे तर कुणीही सांगेल. पण पुढची दोन चाकं आपसात बदलून बघायची, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. रेडियल टायरच्या आतला पट्टा बनवतानाच जरा एका बाजूला सरकलेला असेल तर टायर वरून एकदम चांगला दिसतो पण चालताना शंकूसारखा वागतो, कागदी ग्लास आडवा करून ढकलला की कसा गोल वळतो, तसा. असा टायर असेल तर चाकं बदलल्यावर ओढसुद्धा बाजू बदलते. माझ्या गाडीत ती होती तिथेच राहिली, म्हणजे दोष टायरचा नव्हता, आणि टायर बदल म्हणणाऱ्याचं ऐकलं असतं तर नवीन टायर घालून गाडी तशीच डावीकडे गेली असती.

त्यानंतर ब्रेक. थोडं चालवून आणायला सांगितलंत आणि थांबवताना होईल तेवढा कमी ब्रेक मारायला, मग प्रत्येक रिमच्या जवळ हात नेऊन बघितलंत, जवळच, टेकवून नाही, कारण ब्रेक अडकलेला असेल तर हात भाजतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये. कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजलेल्या असतात, पिस्टन अडकलेला असतो, नाहीतर ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगून बंद झालेला असतो, दाब जातो पण परत येत नाही. अशी गाडी त्या तापलेल्या चाकाच्याच बाजूला ओढते आणि गरम झाल्यावर जास्त ओढते. फक्त ब्रेक मारतानाच ओढत असेल तर उलट विचार करायचा, ज्या बाजूला ओढते ती बाजू चांगली धरतेय, दोष बऱ्याचदा दुसऱ्या बाजूला, जिथे ब्रेक नीट धरतच नाही. हे मी दोनदा विचारून घेतलं होतं तुमच्याकडून. माझी चारही चाकं सारखीच कोमट निघाली.

आणि मग तो रिपोर्टचा कागद. मी हिरवा रंग दाखवत होतो आणि तुम्ही रंगाकडे बघतही नव्हतात, डाव्या-उजव्याची वजाबाकी करत होतात. कॅम्बर (चाक वरून आत की बाहेर कललंय तो कोन) ज्या बाजूला जास्त पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेर कललेला, त्या बाजूला ओढ, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं तो पुढे-मागे किती कललाय तो कोन) ज्या बाजूला कमी पॉझिटिव्ह, म्हणजे मागे कमी कललेला, त्या बाजूला ओढ, दोन बाजूंत साधारण 0.5 डिग्रीपेक्षा जास्त फरक नको, आणि दोन्ही आकडे आपापल्या मर्यादेत हिरवे असूनही त्यांच्यातला फरक गाडी ओढू शकतो. टो (चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीयेत ते) बिघडला तर टायर खातो, स्टेअरिंग वाकडं बसतं, पण गाडी एका बाजूला ओढण्याचं खापर सहसा त्याच्यावर फोडायचं नाही. माझ्या कागदावर फरक अगदी किरकोळ होता. फक्त एक गोष्ट तुम्ही बोट ठेवून दाखवलीत, मागच्या चाकांचे रकाने कोरे होते. म्हणजे नुसती पुढची चाकं मोजली होती, मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं ज्यावर बसतात तो आडवा दांडा, कुठे तोंड करून बसलाय हे कुणी बघितलंच नव्हतं.

तिथेच तुम्ही परत तुमच्या पहिल्या प्रश्नावर आलात. यावेळी नीट चालवून बघितलं आणि मग मलाही जाणवलं, जोर दिला की डावीकडे, आणि पाय काढून ब्रेक मारला की नाक किंचित उजवीकडे जातं. मला वाटलं हे तर अजूनच गोंधळाचं झालं. तुमचा चेहरा मात्र उजळला! पुढचं काही बिघडलं असतं तर जोर दिल्यावर एक बाजू आणि ब्रेकवर दुसरी असं सहसा होत नाही, म्हणालात, काहीतरी सुटं आहे आणि ते पुढेमागे सरकतंय, मागे बघू.

ओळंबा आणि टेप घेऊन गाडीचं माप काढताना मी पहिल्यांदाच बघितलं. स्टेअरिंग सरळ, पुढच्या चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूची खूण, मागच्या चाकाचीही तशीच, आणि दोन खुणांमधलं अंतर, दोन्ही बाजूंना. डावं अंतर उजव्यापेक्षा बोटभर कमी. मग थोडी रिव्हर्स घेऊन तेच माप परत काढलंत तर उजवं तेवढंच आणि डावं चक्क वाढलेलं! त्याच्यानंतर मला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. पुढे जोर दिला की ॲक्सलचं डावं टोक पुढे सरकतं, ब्रेकवर मागे जातं, आणि ज्या बाजूचं अंतर कमी त्या बाजूला गाडी वळते.

चाकांखाली ठोकळे लावून खाली गेलो तर डाव्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू बोल्ट, म्हणजे पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट, ढिले, ॲक्सलवर पाटे टेकतात त्या बैठकीवर घासून चमकलेली जागा, त्याच्या कडेला गंजाची लाल भुकटी, आणि यू बोल्ट सोडल्यावर पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टचं डोकं तुटून वेगळं झालेलं. मला आधी वाटलं बोल्टच कच्चा होता. तुम्ही सांगितलंत तसं नाही, तो बोल्ट पाटे एकत्र धरायला आणि ॲक्सल जागेवर बसवायला असतो, जोर झेलायचं काम यू बोल्टच्या पकडीचं. ते ढिले पडले की सगळा मार त्या एकट्या बोल्टवर येतो आणि माल भरलेल्या गाडीत तो किती दिवस टिकणार. तसंच चालवत राहिलो असतो तर काय झालं असतं ते तुम्ही सविस्तर सांगितलंत, ते इथे लिहीत नाही, घरचे वाचतील.

यू बोल्ट जुनेच लावू का विचारलं तर तुम्ही ज्या नजरेने बघितलंत ना. एकदा ताणलेले यू बोल्ट परत वापरायचे नाहीत, समजलं. नवीन यू बोल्ट, नवीन सेंटर बोल्ट, नट थोडे थोडे करून तिरपे, म्हणजे एक इकडचा एक समोरच्या कोपऱ्यातला असे आवळले, आणि शेवटी कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने. नंतर चारही चाकांची अलाइनमेंट केली, यावेळी मागचे रकाने भरलेले. गाडी सरळ चालतेय काका. लांब जाऊन आल्यावर खांदा दुखत नाही, तो आपण सारखं स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवत होतो म्हणून दुखायचा हे आत्ता कळलं.

आणि जे पार्ट आपण बदलले नाहीत त्याचेही आभार. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड सगळं नवीन घालून मोकळं झालं असतं. तुम्ही ते हलवून बघितलेत, ढिलेपणा नाही म्हणालात आणि सोडून दिलेत. पैसे घ्यायला नकार दिलात त्यापेक्षा मला हे जास्त मोठं वाटलं.

माल भरून थोडी चालवली की नट परत आवळायला सांगितलं होतंत, ते झालं, एक नट किंचित फिरला, बाकीचे जागेवर होते. प्रत्येक नटावर आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवलीये, सरकला तर लगेच दिसेल.

आता एक आगाऊ सूचना. माझ्या मित्राची पिकअप उजवीकडे ओढते, मी त्याला कधी ओढते विचारलं, तो म्हणाला फक्त ब्रेक मारल्यावर. मी त्याला डावीकडचा ब्रेक बघ म्हणून सांगितलंय, पण तो म्हणतो तुझ्यावर विश्वास नाही, काकांकडे ने. तर रविवारी घेऊन येतोय.

तुमचा,
डावीकडे जाणाऱ्या गाडीवाला