कासवांच्या तारखा छापू नका

स. न. वि. वि.

जानेवारी सरत आला की पुण्यातल्या पुरवण्यांमधून आणि सहलींच्या जाहिरातींमधून कोकणातल्या कासव महोत्सवाच्या तारखा झळकू लागतात. 'या शनिवार-रविवारी पिल्लं समुद्रात जाताना पाहा' असा एकूण थाट. आमची विनंती एवढीच की अशी तारीख छापू नका. ती आगाऊ सांगता येत नाही, आणि छापली की तिचा भार किनाऱ्यावर घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांवर, म्हणजे कासवमित्रांवर पडतो.

नाना फडणवीसांचं गाव म्हणून पुणेकरांना रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास आधीपासून माहीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून महोत्सव भरू लागला. आज वनविभागाच्या देखरेखीखाली कोकणातल्या अनेक पुळणींवर गावातलीच माणसं हे काम करतात. ते नेमकं काय करतात ते कळलं, की तारखेचा घोळही कळतो.

नोव्हेंबर ते मार्च रोज पहाटे उजाडायच्या आत भरतीरेषेने चालत जायचं. मादी रात्री येऊन गेली असेल तर ट्रॅक्टरचं एकच चाक फिरल्यासारखा, दोन-अडीच फूट रुंद माग दिसतो. माग संपतो तिथे वाळू विस्कटलेली असते, पण अंडी नेमकी कुठे ते दिसत नाही. काठी हलकेच टेकवत जायचं. घट्ट वाळूत ती अडते, घरट्याच्या तोंडावर अलगद खाली जाते. मग काठी बाजूला ठेवून हाताने उकरायचं. सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी निमुळता आणि तळाशी फुगीर असा मडक्याच्या आकाराचा खड्डा, आत साधारण शंभर ते सव्वाशे अंडी. कोल्हे, भटकी कुत्री, रानडुकरं आणि अंडी पळवणारी माणसं यांच्यापासून वाचवायची तर ती हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच अंडी राखायला कुंपण घातलेल्या जागेत, हलवावी लागतात.

खरी मेख इथे आहे. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं फिरवलं किंवा आदळलं की गर्भ सुटून मरतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दीड-दोन महिने आपण मेलेलं अंडं राखत बसतो. म्हणून अंडी शक्य तितक्या लवकर, वरची बाजू वरच ठेवून, एकेक उचलायची. बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओली वाळू घालायची. हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा घ्यायचा. दोन घरट्यांत साधारण मीटरभर अंतर. पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले की वर बांबूची टोपली पालथी घालायची, म्हणजे निघालेली पिल्लं भरकटत नाहीत.

पुढचं सगळं वाळूच्या तापमानावर. गरम वाळूत पिल्लं पंचेचाळीस दिवसांतही निघतात. डिसेंबरातल्या घरट्याला थंडी लागली तर पंचावन्न-साठ दिवस लागतात. नर की मादी हेही तापमानच ठरवतं: २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही, त्याच्या वर माद्या जास्त, आणि ३५ अंशांकडे गेलं की गर्भच दगावू लागतात. म्हणजे 'अमुक घरटं अमुक आठवड्यात' एवढा अंदाज बांधता येतो, वार सांगता येत नाही. ओडिशात २०२१ मध्ये बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. तिला आपण शनिवार कसा सांगणार!

तरीही ताम्हिणी उतरून, घरगुती मुक्कामाचे पैसे भरून शेकडो माणसं येतात आणि टोपली रिकामी निघते. मग कुरकुर सुरू होते, आणि पुढच्या खेपेला मागणी येते: आज निघालेली पिल्लं उद्यापर्यंत ठेवा की. इथे कासवमित्राने नाही म्हणायला हवं, आणि त्याला नाही म्हणता येईल अशी परिस्थिती आपण ठेवायला हवी. पिल्लू अंड्यातून निघतं ते पोटातल्या उरलेल्या बलकाची शिदोरी घेऊन. त्यावरच त्याला फेसाच्या पट्ट्यातून पार होऊन खोल समुद्र गाठायचा असतो. टबात ठेवलं तर ते टबातच वल्ही मारत राहतं आणि ताकद तिथेच संपवतं. सकाळ-संध्याकाळ पिल्लं सोडण्याची पद्धत हीसुद्धा खरं तर माणसांच्या सोयीची तडजोडच आहे. निसर्गात ती बहुधा रात्री, वरची वाळू निवल्यावर बाहेर पडतात.

जाणाऱ्यांनी तारखेपेक्षा पायांखाली लक्ष द्यावं. पिल्लू जेमतेम दीड इंचाचं असतं. तुमच्या टाचेचा ठसा म्हणजे त्याच्यासाठी खड्डा. त्यात ते उलटं पडतं, वल्हे हवेत मारत राहतं, आणि घारी-कावळे वर असतातच. म्हणून पिल्लांच्या वाटेसाठी बांधलेल्या दोरीच्या आतली वाळू कोरी राहिली पाहिजे. उचलून थेट पाण्यात सोडायचा आग्रहही नको, वाळूवरून त्याचं ते चालत जाऊ दे. उजेडाचंही तसंच. पिल्लू सर्वांत उजळ क्षितिजाकडे वळतं, आणि अंधाऱ्या पुळणीवर मोबाइलचा टॉर्च समुद्रापेक्षा उजळ असतो. फ्लॅश तर नकोच नको.

पुळणीवर गाडी घालणाऱ्यांबद्दल काय बोलावं? फलक असो-नसो, पुण्याच्या पाटीची एखादी गाडी वाळूत रुतलेली दिसतेच. चाकाखाली वाळू दाबली जाते, न सापडलेलं घरटं चिरडतं, आणि चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्राऐवजी किनाऱ्याला समांतर चालत राहतं.

पावसाळ्यात जाळ्यात गुरफटलेली मोठी कासवं वाहून येतात. ती दमलेली असतात, पाण्यात ढकलली तर बुडतात. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आपल्या पुरवणीत महोत्सवाची बातमी येईल तेव्हा तारखेच्या जागी एवढंच छापावं: 'फेब्रुवारी ते एप्रिल. निघण्याच्या आदल्या दिवशी गावात फोन करून विचारावे. पिल्लं दिसतीलच असे नाही.'

– समुद्री कासव संवर्धनातील काही स्वयंसेवक, पुणे