छपाईची पीडीएफ वेगळी काढावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका आणि मंडळांचे अहवाल हल्ली मोबाइलवर वाचण्यासाठी दुवे, बटणे, व्हिडिओ आणि भरता येणारे रकाने घालून तयार होतात आणि पुढे तीच पीडीएफ मुंबईतल्या छापखान्यांकडे पाठवली जाते. ही सवय संपादक मंडळांनी सोडायला हवी. पडद्यावर दिसणारा प्रत्येक रकाना कागदावर उतरतोच असे नाही, कारण तो छापायचा की नाही याची खूण फाइलमध्ये स्वतंत्र असते. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी आणि तिच्या प्रतीत रकान्यांतील मजकूर ‘फ्लॅटन’ करून पानाचा कायमचा भाग करावा. व्हिडिओच्या जागी सुमारे ३०० पीपीआयचे (दर इंचाला ३०० पिक्सेल) स्थिर चित्र आणि दुव्याच्या जागी पूर्ण पत्ता किंवा क्यूआर कोड द्यावा. ‘येथे क्लिक करा’ असे छापून वाचकाने करायचे तरी काय?

छपाईच्या पीडीएफसाठी असलेल्या आयएसओ १५९३० या आंतरराष्ट्रीय मानकातील पीडीएफ/एक्स-१ए प्रकारात आरजीबी (पडद्यासाठीचे लाल-हिरवा-निळा) रंग आणि पारदर्शकता (खालचे चित्र आरपार दिसू देणारे भाग) चालत नाही, तर पीडीएफ/एक्स-४ मध्ये पारदर्शकता चालते. कोणता प्रकार हवा, हे छापखान्यालाच आधी विचारावे. कडेला साधारण ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेली छपाई, लागते. फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत नसतील, तर देवनागरी जोडाक्षरे विस्कटण्याची भीती राहते, आणि मराठी मुद्रितशोधकाची सारी मेहनत तिथे वाया जाते.

छापखान्यांनीही आपल्या अपेक्षा दरपत्रकासोबतच मराठीत लिहून द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक मुद्रण व्यावसायिक,
लालबाग, मुंबई