कुर्दांच्या गाण्यांना बातमीत जागा द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कुर्द निर्वासितांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते त्यात सीमा, छावण्या आणि मृतांचे आकडे असतात. त्यांच्या गाण्यांचा उल्लेख आलाच, तर तो रंगीत छायाचित्राखालच्या ओळीपुरता. वास्तविक या समाजाच्या विस्थापनाचा मोठा भाग कागदावर उतरण्याआधी गाण्यांत उतरला आहे, आणि तो बाजूला ठेवून लिहिलेली हकिगत अर्धवट राहते.

‘देंगबेज’ म्हणून ओळखले जाणारे कुर्द कथागायक बहुधा वाद्याच्या साथीविना, एक हात कानाशी धरून गातात. त्यांच्या ‘किलाम’मध्ये, म्हणजे कथागीतांत, टोळ्यांची वैरे, फसलेली बंडे आणि ताटातूट झालेले प्रेमिक येतातच, पण गावांची, डोंगरांची आणि मेलेल्यांची नावेही येतात. नावांचा हा हट्ट मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अन्यत्र ती टिकण्याची शाश्वती नव्हती. तुर्कस्तानात १९८३ साली तुर्कीखेरीज अन्य भाषांतील प्रकाशनांविषयी झालेल्या २९३२ क्रमांकाच्या कायद्यात कुर्दी भाषेचे नावही नव्हते. तरी त्यातील शब्दयोजना अशी होती की बंदी नेमकी तिच्यावर यावी. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला खरा, मात्र त्याच दशकात सैन्य आणि कुर्द बंडखोर यांच्या संघर्षात आग्नेय तुर्कस्तानातील गावेच्या गावे रिकामी झाली. तुर्की संसदेच्या समितीने १९९८ मध्ये ३,४२८ वस्त्या आणि ३,७८,३३५ विस्थापित असा आकडा दिला. मानवाधिकार संघटनांच्या मते प्रत्यक्षातील संख्या याहून कितीतरी मोठी होती. अशी वस्ती उठली की गाणे ऐकणारी बैठकही उठते. पूर्वेकडील आग्री भागातला नामवंत देंगबेज शाकिरो १९९६ मध्ये वारला, तो पार पश्चिम किनाऱ्यावरील इझमीर शहरात.

या परंपरेतले सर्वांत विलक्षण नाव करापेते खाचो यांचे. ते जन्माने आर्मेनियन. ऑटोमन साम्राज्यातील १९१५ च्या आर्मेनियन नरसंहारात पोरके झालेले. वाढले ते कुर्दांमध्ये आणि गायले कुर्दीत. पुढे सीरियात फ्रेंच सैन्यात नोकरी करून ते दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत आर्मेनियात गेले आणि येरेवान रेडिओच्या कुर्दी कार्यक्रमांतून त्यांचा आवाज सीमेपलीकडे तुर्कस्तानातल्या घरांत पोहोचला; तिथे तो दबक्या आवाजात, दार लावून ऐकला जाई. २००५ मध्ये येरेवानमध्ये त्यांचे निधन झाले. एका समाजाची आठवण दुसऱ्या समाजाच्या पोरक्या मुलाने जपावी, हे ‘राष्ट्रीय वारसा’ या शब्दांत सहज मावणारे नाही.

स्त्रियांची वाट आणखी बिकट होती. मृतासाठी शोकगीत गाणे त्यांच्याकडेच असे, पण परक्या पुरुषांपुढे गाणे कुटुंबाला रुचत नसे. मरियम खान यांना श्रोते मिळाले ते बगदाद रेडिओवर. आग्नेय तुर्कस्तानातील दियारबकीर शहरच्या गायिका आयशे शान यांना घरच्यांचा रोष पत्करावा लागला.

ही गाणी जशीच्या तशी पुरावा मानावीत, असे मात्र माझे म्हणणे नाही. गायकागणिक ती बदलतात आणि एकाच वैराच्या दोन बाजूंची दोन कथने असू शकतात. दियारबकीरमध्ये २००७ पासून देंगबेजांसाठी स्वतंत्र वास्तू आहे, ही चांगली गोष्ट आहे. तथापि, पाहुण्यांसमोर गाताना गायक काय निवडतो आणि काय गाळतो, हेही विचारले पाहिजे.

म्हणून विनंती एवढीच, की कुर्दांविषयीच्या वृत्तांतात गाणे आले तर ‘एक पारंपरिक लोकगीत’ म्हणून त्याची बोळवण करू नये. गाणारा कोण, तो मूळचा कुठला, कोणत्या घटनेवर गातो आणि सध्या कोणत्या शहरात राहतो, एवढा तपशील आपल्या वार्ताहरांनी द्यावा. हातोहात नकलून पसरलेल्या जुन्या कॅसेटींवर तो बहुधा नसतो, आणि आवाज ऐकून गायक ओळखणारी पिढी आता वृद्ध झाली आहे.

आपला,
एक वाचक