शंकराचार्यांच्या नावावर नको ते मत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पाहणारा नसेल तर जगही नाही’ अशा आशयाचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. हे मत लेखकाने आद्य शंकराचार्यांच्या नावावर घातले आहे, त्याला माझी स्पष्ट हरकत आहे. ब्रह्मसूत्रांतील ‘नाभाव उपलब्धेः’ (बाह्य वस्तू नाहीत असे नव्हे, कारण त्या अनुभवाला येतात; २.२.२८) या सूत्रावरील भाष्यात आचार्यांनी विज्ञानवादी बौद्धांचे, म्हणजे मनातले ज्ञान तेवढे खरे, बाहेर वस्तू नाहीत असे मानणाऱ्यांचे, नेमके हेच मत खोडून काढले आहे. खांब किंवा भिंत पाहणारा आपले ज्ञान पाहत नसतो, ज्ञानाचा विषय असलेली वस्तू पाहत असतो. आणि आतलेच बाहेर असल्यासारखे भासते म्हणावे, तर बाहेर मुळात काही नसताना ही तुलना कशाशी करायची, असा त्यांचा बिनतोड प्रश्न आहे. पुढच्याच सूत्रावर ते सांगतात की जागेपणीचा अनुभव स्वप्नासारखा नव्हे, कारण स्वप्न जाग येताच बाधित होते, म्हणजे खोटे ठरते, जागेपणी पाहिलेला खांब तसा खोटा ठरत नाही. आचार्य जगाला मिथ्या म्हणतात ते ब्रह्मज्ञानाच्या दृष्टीने. ते तुमच्या-माझ्या मनाने उभे केले, असे नव्हे.

आमच्या राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे गावच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) आडवी कोरलेली मानवाकृती आहे. त्या कातळशिल्पावर होकायंत्र ठेवले की सुई उत्तर सोडून भलतीकडे वळते. हा कातळातील चुंबकत्वाचा परिणाम. तो ठाऊक नसलेल्या माणसाला आश्चर्य वाटते, आणि माझ्या मते हे आश्चर्यच महत्त्वाचे आहे: जे मनाने रचले, ते मनाच्या अपेक्षेविरुद्ध इतक्या हट्टाने का वागावे? विज्ञानवादी यावर पूर्वीच्या वासनांकडे, म्हणजे आधीच्या अनुभवांनी मनावर उमटलेल्या संस्कारांकडे, बोट दाखवील. पण बाह्य पदार्थांचा अनुभवच नसेल तर निरनिराळ्या वासना तरी कोठून येणार, हेही आचार्यांनी विचारून ठेवले आहे. कोकणातील कित्येक कातळशिल्पे मातीखाली गडप होती, कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. माती दूर केली तेव्हा कोरीव रेषा जागच्या जागी सापडल्या.

रंग, गंध, चव यांत पाहणाऱ्याच्या इंद्रियांचा वाटा आहे, हे मी नाकारत नाही. रवींद्रनाथ टागोर आणि आइन्स्टाइन यांच्यात १९३० साली जर्मनीत याच प्रश्नावर संवाद झाला. सत्य मानवी मनाशी निगडित आहे असे टागोर म्हणत होते, तर घरात कोणी नसले तरी टेबल जागेवरच राहते, असे आइन्स्टाइनचे म्हणणे होते. टागोरांची बाजू मांडायची तर ती खुशाल त्यांच्या नावाने मांडावी. मात्र शंकराचार्यांचे म्हणून काही छापताना लेखकाकडून भाष्यातील सूत्राचा आधार अवश्य मागून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)